खोटा वाचलेला कागद

कागदावर सहा आठवडे असं लिहिलं होतं. मी ते माझ्या बायकोला 'आठवडाभर' असं वाचून दाखवलं. वाचताना चूक झाली नव्हती. अक्षर छापील होतं आणि चष्मा डोळ्यांवर होता. मी जाणूनबुजून खोटं वाचलं, आणि ते तिच्या पोटानं भोगलं.

हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी बरंच काही ताठ मानेनं लिहिणार आहे. ते कुठल्या तोंडानं लिहितोय, हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

दवाखान्यातून घरी सोडताना देतात तो हा कागद. घरी गेल्यावर काय करायचं आणि काय टाळायचं, हे त्यावर कन्नडमध्ये छापलेलं होतं. औषधांची नावं तेवढी इंग्रजीत. माझं गाव बेळगुंदी. शाळा मराठीत झाली, पण बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत वीस-बावीस वर्षं काढली आहेत आणि तिथं नोटिशीपासून रजेच्या अर्जापर्यंत सगळं कन्नडमध्ये चालतं. त्यामुळं मला ती भाषा मराठीइतकीच सरसर वाचता येते. बायको निपाणीकडची, बोरगावची. तिची शाळा सातवीला सुटली. कन्नड विषय होता तेवढाच. अक्षरं ओळखते, पण एक ओळ वाचायची तर घटकाभर लागते. आमच्या भागात अशी घरं खूप आहेत. सरकारी कागद आला की एकजण वाचतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडं बघतात. आमच्या घरात वाचणारा मी. वीजबिल असो, जमिनीचा उतारा असो, बँकेचं पत्र असो, मी म्हणेन तेच त्यात लिहिलेलं असायचं.

तिच्या पित्ताशयात खडे झाले होते. जेवली की उजव्या बरगडीखाली कळ उठायची आणि पाठीत जायची. डॉक्टरांनी दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलं. पोटाला चार छोटी छिद्रं पाडली, त्यातलं एक बेंबीशी, आणि त्यातून पित्ताशय काढून टाकलं. तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं. मी तिला मोटारसायकलवर मागं बसवून आणलं. गतिरोधक आला की ती माझा खांदा घट्ट धरायची. मला वाटलं, पडायच्या भीतीनं धरतेय.

घरी आलो तेव्हा माझे चुलते, आप्पा, सोप्यात बसलेले होते. आप्पांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन फार वर्षांपूर्वी झालेलं. त्यांनी सदरा वर केला आणि नेहमीप्रमाणं ती जुनी खूण दाखवली.

"वीतभर कापलंतं मला. टाकं बघ, टाकं. आणि हिला काय, डास चावल्यागत चार ठिपकं!"

"दुर्बिणीचं हाय आप्पा," मी म्हणालो. "आता पहिल्यासारखं राहिलं न्हाय. तीन दिवसांत घरी."

मी हे फुशारकीनं म्हणालो. जणू ते ऑपरेशन मीच केलं होतं.

आमच्याकडं दुखणं असंच मोजतात, वरून दिसेल तेवढं. वीतभर टाका असला तर दोन महिने बाज, शेवग्याचं पाणी, विचारपूस. ठिपका असला तर काही नाही. मलाही तसंच वाटत होतं, आणि हे मला वाटायला नको होतं. फाउंड्रीत माझं कामच ते आहे. लोखंड ओतल्यावर साचा कधी फोडायचा हे मी सांगतो. कास्टिंग वरून काळं पडलं, थंड दिसलं, म्हणून घाईनं बाहेर काढलं तर आतून चीर जाते. नव्या माणसानं घाई केली तर मी त्याला सगळ्यांसमोर झाडतो. तोच मी घरी येऊन चार ठिपके बघत होतो, आत काय कापलंय ते नाही.

खोटं वाचायचं कारण वडिलांचा म्हाळ.

पितृपक्षात आमच्या घरात वडिलांच्या तिथीला म्हाळ होतो. भावकी जेवायला येते, तीस-पस्तीस पानं होतात. त्या नैवेद्याचा स्वयंपाक नळाच्या पाण्यानं करत नाहीत. मळ्यातल्या विहिरीचं पाणी लागतं, आणि ते घरच्या थोरल्या सुनेनं तांब्याच्या घागरीतून आणायचं. माझी आई आणत होती, तिच्या आधी तिची सासू. आता आईचे गुडघे गेलेत, धाकटा भाऊ आणि त्याची बायको पुण्यात. म्हाळ ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी येत होता.

कागदावरची ती ओळ मी बघितली. सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाण्यानं भरलेली कळशी, घागर, बादली, पोतं, लहान मूल, सगळं लिहिलेलं. त्या ओळीवर माझी नजर थांबली तेव्हा मला बायको दिसली नाही. आप्पा दिसले. भावकीसमोर "बायको उठत नाही" असं सांगणारा मी दिसलो. आणि मी वाचलं, "आठवडाभर जड काही उचलू नका."

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच की. दुर्बिणीचं हाय."

आईनंही विचारलं. आईला दोष देणाऱ्यांनी हे ऐकावं. म्हाळाच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "उचलू दे न्हवं रं तिला? डॉक्टर काय म्हणालतं? न्हायतर नळाचं घेऊया. तुझा बाप काय वरनं बघायला येत न्हाय."

आई एवढी सरळ बोलली. वाट उघडीच होती.

"आठवडा झाला की सगळं करायचं म्हणालेत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवर गेली. घागर तिनं अर्धीच भरली होती. मी दारात उभा होतो. पायरी चढताना ती एकदम थांबली. घागर कमरेवर, आणि मोकळा हात बेंबीपाशी. एक श्वास, दोन श्वास. मग चढली आणि आत गेली. मी ते बघितलं. "काय झालं?" एवढे दोन शब्द विचारायचे होते. मी पत्रावळ्या मोजायला लागलो.

तिनं स्वयंपाक केला, वाढलं, शेवटच्या पंक्तीला जेवली. तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. बेंबीजवळचा टाका लाल झाला होता, सुजला होता, आणि त्यातून पिवळं पाणी येऊन परकराला चिकटलं होतं. परकराची नाडी नेमकी त्याच जागी रोज घासत होती. सैल कपडे घाला, हेही त्या कागदावर होतं. ते मी वाचलंसुद्धा नव्हतं.

डॉक्टरांनी जखम उघडून साफ केली. ते कन्नड बोलणारे, पण पेशंटशी मोडक्या मराठीत बोलायचे. "ताई, वजन उचललं काय?"

ती म्हणाली, "अर्धी घागर. आठवडा झालता."

"आठवडा? सहा आठवडे लिहून दिलं होतं."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिथं मला बोलता आलं असतं. मी डॉक्टरांना म्हणालो, "माझं कन्नड जरा कच्चं आहे, साहेब." आणि हे वाक्य मी त्यांना कन्नडमध्ये म्हणालो. सफाईदार कन्नडमध्ये.

ते दुसरं खोटं. तिसरं घरी आल्यावर बोललो आणि तेच सगळ्यात वाईट. माणसं बघायला यायला लागली. आई मला म्हणाली, "तूच म्हणालतास की आठवडा." सोप्यात आप्पा होते, फोनवर बोरगावचा माझा मेहुणा होता. मी म्हणालो, "सिस्टरनं तिलाच सगळं समजावून सांगितलं होतं. तिनं मला आठवडा म्हणून सांगितलं. म्हाळाचं काम चुकवायला नको म्हणून. कामाची हौस, दुसरं काय."

ऐकायला ते कौतुक वाटत होतं. त्यामुळं ते लगेच पसरलं. आप्पांनी मान हलवली. मेहुण्यानं फोन तिला द्यायला सांगितलं आणि तिला झापलं, "आक्का, तुला एवढं कळत न्हाय? स्वतःच्या जिवाशी खेळतीस?" ती आतल्या खोलीत पडून होती, पडदा मधे. माझं वाक्य तिनं ऐकलं होतं. तिनं भावाला एवढंच उत्तर दिलं, "व्हय बाबा."

जखम भरायला महिना गेला. दिवाळीत ती खोकली तेव्हा बेंबीशेजारी लिंबाएवढा फुगवटा वर आला आणि आत गेला. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, टाक्याची जागा आतून सुटली आहे, पुन्हा दुर्बिणीनं ऑपरेशन करून आत जाळी बसवायला लागेल. मी त्यांना एकट्यात गाठून विचारलं, त्या घागरीनंच झालं का? ते म्हणाले, "छातीठोकपणे नाही सांगता येणार. जखमेत पू झाला, त्यामुळंही झालं असेल. काही जणांना सगळं पाळूनही होतं." मग म्हणाले, "पण तुम्ही पाळलं नव्हतं."

त्यांच्या पहिल्या वाक्याचा आधार घेऊन मी थंडीचे दोन महिने काढले. घरात मात्र एक गोष्ट बदलली होती. रेशनची एक नोटीस आली, ती तिनं मला दिली नाही. शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतली. बँकेचं पत्र आलं, तेही मास्तरांकडं. मी विचारलं तर म्हणाली, "तुम्ही दमून येतासा."

फेब्रुवारीत दुसरं ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी सिस्टर कागद घेऊन आली आणि तिनं तो सवयीनं माझ्यापुढं धरला. बायको खाटेवर उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "त्यांच्याकडं नका देऊ. मला सांगा. मराठीत सांगाल काय?"

सिस्टर खानापूरकडची होती. "सांगते की आक्का. पण हे वाचत न्हाईत काय?"

"त्यांचं कन्नड कच्चं हाय," बायको म्हणाली.

शेजारच्या खाटेवरची म्हातारी हसली. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागलो. बायकोनं पिशवीतून वही काढली, पेन काढलं. येतानाच घेऊन आली होती. सिस्टर एकेक ओळ सांगत गेली आणि ती सातवीतल्या मुलीसारखं गोल अक्षर काढत लिहीत गेली. मधेच थांबवून विचारायची, "जड म्हणजे किती जड? तांब्या चालेल? आणि परात?" सिस्टर म्हणाली, भरलेला तांब्या चालेल, भरलेली परात नाही. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. उठताना सरळ बसायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हाताचा रेटा देऊन उठायचं. पोटाला पट्टा सांगितलाय तसा लावायचा. पोट साफ व्हायला पाणी, भाज्या, फळं. जोर करायचा नाही. दिवसातनं चार-पाचदा चालायचं, थोडं थोडं. खांदा दुखेल, घाबरायचं नाही. ऑपरेशनसाठी पोटात हवा भरतात, ती जिरेपर्यंत दुखतो, चाललं की कमी होतो. पण ताप आला, जखम लाल झाली, पू आला, उलट्या थांबेनात, पोट दगडासारखं झालं, दम लागला, छातीत दुखलं, पोटरी सुजून दुखली, तर उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी यायचं.

पहिल्या खेपेला तिचा खांदा दुखला होता तेव्हा मी म्हणालो होतो, "पोटाचं ऑपरेशन आणि खांदा कसा दुखतो गं? मनाचं असेल."

या वेळी मी गाडी ठरवली होती. ती पुढच्या सीटवर, पोटावर उशी. ड्रायव्हरला मी गतिरोधकाला दोनदा टोकलं. घरी पोचल्यावर तिला कुशीवर निजवलं आणि खोलीचं दार लोटून घेतलं. मी म्हणालो, "मला तुझ्याशी बोलायचंय. त्या कागदावर..."

"आरु म्हणजे सहा," ती म्हणाली. "एवढं कळतंय मला. बाजारात रोज ऐकते."

ताप उतरल्यावर, त्या पहिल्या महिन्यात, ती एकटी पडून असायची तेव्हा तो कागद काढून बसायची. अक्षराला अक्षर लावत. चार दिवस लागले म्हणाली त्या एका ओळीला. म्हणजे चार-पाच महिने ती सगळं जाणून होती आणि मी तिच्यासमोर जेवत होतो, झोपत होतो, देवापुढं हात जोडत होतो.

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही कधी बोलताय बघत होते."

मी म्हणालो, माझी चूक झाली, मला माफ कर. तिनं मान भिंतीकडं केली.

"मला सांगून काय करतायसा? मला ठाऊकच हाय. ज्यांना सांगितलंय मी डॉक्टरचं ऐकलं न्हाय म्हणून, त्यांना सांगा. माझ्या भावानं मला फोनवर झापलं. आई बाहेर बायकांना सांगतात, पोरीनं जरा ऐकायला पाहिजे होतं. ते तुम्ही केलंय. ते काढा."

ते काढायला मला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत मी बाकी सगळं केलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पण लाजूनही सांगणार नाही.

मी रजा टाकली. साठलेली सगळी रजा. नळ सकाळी यायचा तेव्हा हंडे, कळश्या, पिंप सगळं मी भरलं. भांडी मी घासली. गाऊन आणि परकर मी धुतले आणि अंगणातल्या दोरीवर, रस्त्यावरून दिसतील असे, मी वाळत घातले. कट्ट्यावरची माझ्याच वयाची माणसं रोज हाक मारायची.

"काय रं, आज परकर किती धुतलास?"

"दोन. तुझं असलं तर आणून टाक."

सकाळ-संध्याकाळ मी तिला चालवायला नेलं. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग रताळ्याच्या वाफ्यांपर्यंत. ती गाऊनवर ओढणी घेऊन, एक हात पट्ट्यावर, आणि मी शेजारी. मागं नाही, पुढं नाही. बायका दारात यायच्या. एक म्हणाली, "ठणठणीत दिसतीस की गं. मग भाकरी का थापत न्हाईस?" बायको म्हणाली, "पीठ मळायला पोटावर जोर येतो. तुम्ही या की थापायला." ती बाई खरंच दोन दिवस आली.

आईनं हळद आणि गोडंतेल गरम करून आणलं, टाक्यावर लावायला. मी वाटी हातातून घेतली. "कोरडं ठेवायचंय आई. काही लावायचं न्हाय."

"आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी तुम्हाला कुणी सांगितलं न्हाय. तिनं सिस्टरला विचारून लिहून घेतलंय."

मी आईशी असं कधी बोललो नव्हतो. आई वाटी घेऊन गेली आणि त्या तेलात भाजी फोडणीला टाकली.

एका दुपारी तिला बारीक ताप वाटला. थर्मामीटर लावला, थोडाच होता. पहिल्या खेपेचा मी असतो तर म्हणालो असतो, संध्याकाळपर्यंत बघू. मी गाडी बोलावली. डॉक्टरांनी तपासलं, जखम स्वच्छ होती, साधी सर्दी होती. परत आल्यावर आप्पा म्हणाले, "सर्दीला बेळगाव? उद्या शिंकली तर बेंगळूरला नेशील."

"नेईन की," मी म्हणालो. "तुम्हीपण चला, खिडकीजवळची जागा देतो."

आप्पा चिडले. चिडू देत. जी माणसं ठिपके मोजून दुखणं ठरवतात, त्यांच्या चेष्टेला भिऊन मी एकदा बायकोचं पोट फाडून घेतलं होतं. दुसऱ्यांदा ऐकणार नव्हतो. छिद्र लहान असलं तरी आतली शिवण तेवढाच वेळ घेते. ती कुणाच्या घरात म्हाळ आहे की लग्न आहे, हे बघून भरत नाही.

खरी लढाई यात्रेची होती. आमच्या गावची यात्रा म्हणजे घरोघर चुली. सोयरे, मित्र, मित्रांचे मित्र, फाउंड्रीतली माणसं, शंभराला कमी नाहीत. यात्रेला ज्याच्या घरी जेवण नाही, त्या घरात एक तर सुतक, नाहीतर भांडण, असं समजतात. यंदाची यात्रा ऑपरेशननंतर पाचव्या आठवड्यात येत होती. घरात जेवण असतं तर ती बसून राहिली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. शंभर माणसं जेवत असताना आमच्या भागातली बाई खुर्चीवर बसूच शकत नाही. तिला कुणी बसू देत नाही आणि ती स्वतःलाही देत नाही. आचारी लावला असता तरी पातेलं सरकवायला उठली असती.

मी एकेकाला फोन केले. "यंदा आमच्याकडं जेवण न्हाय. घरात ऑपरेशन झालंय. पुढल्या वर्षी या."

"अरे, दुर्बिणीचं न्हवं का?" प्रत्येकानं विचारलं.

"दुर्बिणीचंच."

आप्पा घरी आले. या वेळी सदरा वर केला नाही. "यात्रेला चूल पेटणार न्हाय? बापाच्या माघारी घराला टाळं लावतोस काय? गावात तोंड कुठलं दाखवशील?"

"हाय तेच दाखवीन."

"बायकोच्या मुठीत गेलास."

"गेलो," मी म्हणालो. "सहा महिने आधी जायला पाहिजे होतो."

यात्रेच्या दिवशी गावात वाजंत्री, गुलाल, प्रत्येक दारात चपलांचे ढीग. आमच्या दारात आमचेच तीन जोड. आईनं भात आणि आमटी केली होती. आम्ही तिघं जेवणार, एवढ्यात बोरगावहून मेहुणा आला. त्याला फोन केला होता तरी आला, रागानंच आला होता. तंबाखूची कामं टाकून आला होता. त्याच्या मागोमाग आप्पा, त्याला गल्लीत गाठून सगळं ऐकवत. मी दोघांना बसा म्हणालो. बायको खुर्चीवर बसली होती. उठायला लागली तर मी हातानंच खूण केली, आणि ती बसली.

मेहुणा पाणी न पिताच सुरू झाला. "दाजी, यात्रेला सोयऱ्यांना दार बंद? बरं, ते जाऊ दे. आक्का, हे सगळं तुझ्यामुळं. पहिल्या खेपेलाच डॉक्टरचं ऐकली असतीस तर दुसरं ऑपरेशन कशाला लागलं असतं? दाजी बिचारे परकर धुवाय लागल्यात, लोक हसाय लागल्यात."

आप्पा म्हणाले, "तेच मी म्हणतोय."

आई ताटं मांडत होती. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. ती भातावरच्या वाफेकडं बघत होती. दवाखान्यात तिनं माझ्याकडं बघितलं होतं आणि मी तोंड फिरवलं होतं. आता ती बघण्याचे कष्टही घेत नव्हती. माझ्या हातात भाताचा डाव होता. तो मी खाली ठेवला.

"पावणं, तिला बोलू नका," मी म्हणालो. "आई, तूपण बस. आप्पा, तुम्हीपण ऐका. सिस्टरनं तिला काही सांगितलं नव्हतं. कागद माझ्या हातात दिला होता. कन्नडमध्ये होता, मला नीट वाचता आला. त्यावर सहा आठवडे होतं. मी तिला आठवडा वाचून दाखवलं. म्हाळाला घागर आणायला तिला पाठवायचं होतं म्हणून."

आई ताट हातात धरून तशीच उभी राहिली. "मी तुला विचारलंतं," ती म्हणाली. "नळाचं घेऊया म्हणालते."

"व्हय. तू विचारलंतंस. मी तुलापण खोटं सांगितलं."

मेहुण्याचा चेहरा लाल झाला. तो उठून उभा राहिला. मला वाटलं मारतोय, आणि मारलं असतं तर मी हात वर केला नसता. "दाजी, मी तिला फोनवर काय काय बोललो..." एवढंच म्हणाला.

"ते तुम्ही माझ्यामुळं बोललासा," मी म्हणालो. "तिनं डॉक्टरचं एकही अक्षर मोडलं न्हाय. मी वाचलं तेवढं सगळं तिनं पाळलं. ती पायरीवर थांबली तेपण मी बघितलंतं आणि विचारलं न्हाय. मग तिचं दुखणं तिच्याच गळ्यात घातलं, कामाची हौस म्हणून. आप्पा, गल्लीत सांगायचं असेल तर हे सांगा, आजच सांगा, गावात माणसं हाईत."

आप्पांनी सदरा खाली ओढून नीट केला.

मग मी तिच्याकडं वळलो. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, चार माणसांत मी तिच्याशी कधी सरळ बोललो नव्हतो. आमच्यात बोलत नाहीत. मी तिच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसलो, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये.

"मी भ्यालो होतो," मी म्हणालो. "आप्पांना, भावकीला. त्यांना न्हाय म्हणण्यापेक्षा तुला खोटं सांगणं सोपं वाटलं, कारण तू विश्वास ठेवतीस. खोटं वाचलं ते माझं. डॉक्टरांपुढं कन्नड कच्चं म्हणालो ते माझं. तुझ्या भावापुढं, आईपुढं तुला वाईट ठरवलं ते माझं. तुझं काही चुकलं न्हाय. ह्या सगळ्यांच्या समोर सांगतोय. मला माफ कर."